हातमोजा

"त्याचीच पोरगी ती," तिकीटबाई म्हणाल्या आणि त्यांनी कप असा आपटला की अर्धा चहा बशीत उतरला. "नाक अगदी बापाचं. मी पाहिलंय."

"वादळात सापडलेली आहे," सिस्टरनी शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं. "हात चिरडल्यावर जो माणूस जग सोडून दीपगृहात जाऊन बसला, त्याच्या घरात पोर आली कुठून? टपालाने?"

"तू पाहिलीस का तिला?"

"नाही पाहिली. पण पहिला भाग मी पाहिलाय, आणि त्यात त्याला मूलबाळ काही नव्हतं."

"मग नंतर झालं असेल!"

"इंटर्व्हलमध्ये?"

तिकीटबाईंना हसू फुटलं होतं, पण हसणं म्हणजे हार मानणं, म्हणून त्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं.

हा वाद चाळीसेक वर्षांचा होता. तेवढ्या काळात दोघींचे केस पिकले, एकीचा नवरा गेला, दुसरीच्या गुडघ्यांनी संप पुकारला, थिएटर पाडून तिथे कापडाचं तीन मजली दुकान उभं राहिलं. पण गुरुवारी दुपारी चहाचं आधण ठेवलं की ती पोरगी कुठून तरी येऊन दोघींच्या मधे बसायचीच. गुरुवारच का, तर शुक्रवारी पिक्चर बदलायचा. म्हणजे आठवड्याच्या पिक्चरवर निकाल द्यायचा तो गुरुवारी. थिएटर गेलं तरी कोर्ट चालूच राहिलं.

या गुरुवारी मात्र कोर्टात तिसरं माणूस होतं. तिकीटबाईंच्या दिराची मुलगी कॉलेजात शिकवायची आणि रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी मंडळींना जुने पिक्चर दाखवायची. गुरुवारी काकू सिस्टरच्या घरीच सापडते म्हणून ती डबा परत द्यायला तिथे आली होती आणि पर्स खांद्यालाच ठेवून दारात उभी राहिली होती.

"काकू, एक मिनिट. पहिला भाग हिचा, दुसरा तुझा, म्हणजे काय?"

"म्हणजे तेच," तिकीटबाई म्हणाल्या. "अगं, खिडकी कुणी सांभाळायची? पिक्चर सुरू झाला तरी लोक येतच असायचे धापा टाकत. 'सुरू झाला का हो? किती झाला?' त्यांचं सगळं संपवून, खिडकी लावून मी आत जाणार, तोवर इंटर्व्हल."

"आणि माझी ड्यूटी दुपारची," सिस्टर म्हणाल्या. "हॉस्पिटल थिएटरच्या मागेच. इंटर्व्हलला उठलं की भिंतीच्या कडेने धावत सुटायचं."

दोघींची खुर्ची एकच होती. शेवटच्या रांगेतली, दाराजवळची, एक हात मोडलेली. तिचं तिकीट विकायची सोय नव्हती, म्हणून ती डोअरकीपरच्या मर्जीतल्या माणसांसाठी असायची. त्याच्या बायकोचं बाळंतपण सिस्टरनी केलं होतं, त्यामुळे मर्जीचा प्रश्नच नव्हता. इंटर्व्हलला सिस्टर उठून बाहेर यायच्या, जिन्याच्या पायरीवर पहिला भाग तिकीटबाईंच्या पदरात घालायच्या आणि पळायच्या. तिकीटबाई आत जाऊन बसायच्या तेव्हा खुर्ची अजून कोमट असायची. दुसऱ्या दिवशी शेवट खिडकीच्या गजातून सिस्टरकडे परत जायचा.

"म्हणजे तुम्ही दोघींनी एकही पिक्चर पूर्ण पाहिला नाही?"

"एकही नाही," सिस्टर म्हणाल्या. लोक 'नोकरीत एकही लाल शेरा नाही' असं सांगतात, त्या सुरात.

"मग टीव्हीवर?"

"ते पाहिलेत. पण ते आम्ही धरत नाही. मधे उठून कुणाला सांगायचंच नाही, तर मग बघायचं कशाला?"

पुतणीने पर्स खाली ठेवली आणि ती बसली. पुढचा तासभर तिने जुन्या पिक्चरांवरची अशी टीका ऐकली जी तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. आंधळ्या वकिलाचा तो थोर पिक्चर, ज्याच्यावर लोक आजही भाषणं ठोकतात, तो सिस्टरच्या मते खरोखर थोर होता. तिकीटबाईंच्या मते त्यात वकील नव्हताच, नुसता पाऊस आणि रडारड. उलट एका पिक्चरला सिस्टरनी जन्मभर नावं ठेवली होती, आणि तिकीटबाई त्याचा शेवट सांगताना अजून डोळे पुसायच्या. दोघींनी आपापल्या अनुभवातून एकेक कसोटी काढली होती.

"चांगला पिक्चर कोणता?" सिस्टर म्हणाल्या. "इंटर्व्हलला उठताना पाय जड झाले पाहिजेत. हलके पाय झाले की समजावं, पिक्चर पडला."

"आणि शेवटाला दिवे लागले तरी कुणी उठता कामा नये," तिकीटबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दिवे लागायच्या आधीच अर्धे लोक सायकली काढायला पळायचे. ते काय पिक्चर होते? वेळ घालवायचे धंदे."

"दोन्ही कसोट्यांना उतरलेला एखादा?"

दोघी एकदम बोलल्या. सिस्टर म्हणाल्या, "हाताचा." तिकीटबाई म्हणाल्या, "मोज्याचा." मग दोघींनी एकमेकींकडे बघून निकाल दिला, "हातमोजा."

"हे त्याचं नाव?"

"नाव कुणाला ठाऊक? नावाने कधी कुणी तिकीट मागितलंय? 'दोन वर, एक खाली,' एवढंच ऐकलं मी जन्मभर. नाकाड्याचा पिक्चर होता. त्या हिरोचं नाक हे एवढं. थिएटरात सगळे त्याला नाकाड्याच म्हणायचे."

आणि मग त्यांनी तो सांगितला. पहिला भाग सिस्टरनी: शहराच्या मनोऱ्यातलं मोठं घड्याळ सांभाळणारा एक कारागीर. रोज खालून जाणारी, आपलं मनगटी घड्याळ त्याच्या घड्याळाशी लावून घेणारी एक बाई. दोघांत बोलणं जवळजवळ नाहीच. तिला बोटीने दूर जावं लागतं. जाताना ती म्हणते, "मी येईपर्यंत बंद पडू देऊ नका." ती बोटीवर चढते त्याच दिवशी घड्याळाचं चाक अडकतं, तो हात घालून ते सोडवतो, घड्याळ चालू होतं आणि हात जातो. इंटर्व्हल.

मग तिकीटबाईंनी सूत्रं घेतली. दीपगृह. दाढी वाढलेला, पिकलेला तो. उजव्या हातात काळा मोजा, जो तो कधीच काढत नाही. सोबत एक लहान मुलगी. ती दिव्याच्या काचा पुसते, त्याला पाणी आणून देते, जिन्यात बसून गुणगुणते, वाऱ्याने उडणारे केस दातात धरते. मग वादळ. दिवा फिरवायचं यंत्र बिघडतं, तर तो मोज्यातल्या हातानेच दिवा फिरवत राहतो. बोट वाचते. उजाडल्यावर लोक उतरतात आणि त्यांत ती बाई. ती त्याला ओळखत नाही. तो एवढंच म्हणतो, "वेळेवर आलात."

पुतणीच्या अंगावर काटा आला होता आणि तो लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

"काकू, हा पिक्चर मी शोधून काढणार. आपण हॉलमध्ये लावू. तुमच्या दोघींच्या हस्ते. याला कल्ट म्हणतात."

"ते काय असतं?" सिस्टरनी विचारलं.

"क्लासिक म्हणजे ज्याला सगळे चांगलं म्हणतात. कल्ट म्हणजे जो पडलेला असतो, पण थोड्याच लोकांनी डोक्यावर घेतलेला असतो."

"मग कल्टच आमचा. दोघींनीच घेतलाय डोक्यावर. आता मान दुखायला लागली."

पुतणीला एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती दोघी आपसांतही बोलत नसत.

तो पिक्चर लागला तेव्हा तिकीटबाई खिडकीवर नव्हत्या. पहिलटकरीण होत्या, दिवस भरत आलेले, आणि खिडकीवर मॅनेजरने आपला मेहुणा बसवला होता. कळा सुरू झाल्या त्या संपेचनात. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर थिएटरातून थेट ड्यूटीवर आल्या तेव्हा तिकीटबाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे मिटत होते. डॉक्टर दुसऱ्या खाटेपाशी अडकले होते. सिस्टरनी त्यांचा हात घट्ट धरला. "डोळे मिटायचे नाहीत. ऐक. आज नाकाड्याचा लागलाय. एक मनोरा असतो बघ..." आणि सिस्टर सांगत सुटल्या. तिकीटबाई बुडत होत्या आणि त्या गोष्टीला धरून वर येत होत्या. घड्याळाच्या चाकात हात गेला तिथे गोष्ट थांबली.

"पुढे?" तिकीटबाईंनी विचारलं.

"पुढचं मला कुठे ठाऊक? दुसरा भाग तुझा. तू बरी हो, जा, बघ आणि मला सांग."

तिकीटबाई वाचल्या. बाळ राहिलं नाही. मुलगी होती.

त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. नवऱ्याने समजावलं, आई येऊन राहिली, शेजारणींनी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी त्या उठल्या, वेणी घातली आणि कामावर गेल्या. लोकांना वाटलं, काळ हेच औषध. काळाचा काही संबंध नव्हता. त्यांना पुढे काय झालं ते बघायचं होतं आणि सिस्टरला सांगायचं होतं. दारातच त्यांनी डोअरकीपरला विचारलं, "नाकाड्याचाच चाललाय ना अजून?" तो म्हणाला, "नाकाड्याचाच! दुसऱ्या कुणाचा, बाई?" त्या दिवशी इंटर्व्हलनंतर त्या मोडक्या हाताच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची गार होती, कारण सांगायला कुणी नाही म्हणून सिस्टर इतके दिवस थिएटराकडे फिरकल्याच नव्हत्या. दिवे लागल्यावर तिकीटबाईंना उठता येईना. संध्याकाळी हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर त्यांनी सिस्टरला सगळं सांगितलं. त्या मुलीपाशी आल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्या रडल्या.

आता त्या पिक्चरचा जाहीर खेळ होणार म्हटल्यावर तिकीटबाईंच्या चालण्यातच फरक पडला. औषधाच्या दुकानात, दूधवाल्यापाशी, खालच्या मजल्यावरच्या शिंप्यापाशी, जिथे म्हणून माणूस उभं सापडेल तिथे त्यांनी बातमी पोहोचवली. "आमचा पिक्चर लागतोय. कल्ट आहे. तुम्हाला नाही कळायचं, पण या." सिस्टरनी कपाटातून चांगली साडी काढून उन्हात टाकली आणि गुडघ्यांना ताकीद दिली की रविवारपर्यंत नखरे चालणार नाहीत.

एका संध्याकाळी पुतणी आली. तिचा चेहरा बघूनच तिकीटबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"मिळाला नाही?"

"मिळाला, काकू." ती पाटावर टेकली. "दोन मिळाले."

"दोन प्रती?"

"दोन पिक्चर. जुन्या पिक्चरांचा एक संग्राहक आहे, त्याच्याकडे नाकाड्याचे बहुतेक सगळे आहेत. घड्याळाचा एक आहे आणि दीपगृहाचा दुसरा आहे. एकामागून एक लागलेले. सिस्टरमावशींनी पाहिला तो पहिल्याचा पहिला भाग. तू रजेवरून आलीस तोवर पिक्चर बदलला होता. हिरो मात्र तोच, आणि हिरॉईनही तीच."

तिकीटबाईंना डोअरकीपरचा तो आवाज आठवला. नाकाड्याचाच! बिचारा खोटं बोलला नव्हता. नावं घ्यायची सवय कुणालाच नव्हती, त्याचं हे फळ.

"मग त्या घड्याळवाल्याचं पुढे काय झालं?"

पुतणीला हसावं की नाही कळेना. "हात बरा होतो. एका गाण्यात. मग तो कुण्या कोट्यधीशाचा हरवलेला मुलगा निघतो, कारखान्यात मारामारी होते आणि सगळे मोटारीत बसून फोटो काढतात."

"आणि मोजा? तो कशाला घालतो मग?"

"तो दरोडेखोर असतो आधी. हातावर टोळीचं गोंदण असतं, ते लपवायला. दीपगृहात दडून बसलेला असतो. आणि ती मुलगी खरं तर..."

"नको," तिकीटबाई म्हणाल्या. "ते सांगू नकोस."

त्या गुरुवारी त्या सिस्टरकडे गेल्या नाहीत. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडला आणि खिडकीपाशी बसून राहिल्या. लोक हसतील याचं त्यांना फारसं काही नव्हतं. खिडकीवर बसलेल्या बाईला लोकांच्या बोलण्याची सवय असते. पण एक कामगिरी त्यांच्यावर सोपवली होती. जा, बघ आणि सांग. जगण्याच्या बदल्यात सिस्टरनी मागितलं होतं ते एवढंच, आणि त्यांनी दुसऱ्याच कुणाचा शेवट नेऊन सिस्टरच्या हातात दिला होता. आणि ती मुलगी. ज्या माणसाच्या कडेला त्यांनी इतकी वर्षं तिला बसवलं होतं, तो माणूसच तो नव्हता. मग ती कुणाकडे होती इतके दिवस?

जिन्यात खोकल्याचा आवाज आला. मग काठीचा. मग, बऱ्याच वेळाने, सिस्टरचा. "डोकं दुखतंय ना? मग दार उघड. डोकं बघायला आलेय."

तिकीटबाईंनी दार उघडलं. सिस्टर घामाघूम झाल्या होत्या. जिने चढायला डॉक्टरांनी त्यांना बंदी घातली होती, आणि नर्स ही जात डॉक्टरांचं किती ऐकते हे हॉस्पिटलात काम केलेल्याला सांगायला नको.

"कशाला चढलीस एवढी?"

"तू उतरत नाहीस म्हणून." सिस्टर खुर्चीत कोसळल्या. "पुतणी आली होती माझ्याकडे. कळलं मला सगळं."

तिकीटबाईंनी पाणी दिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. "चुकीचा शेवट आणला गं मी तुला."

"बस खाली."

"तू सांगितलं होतंस, बघ आणि ये. एवढं एकच काम. आणि मी..."

"बस म्हटलं ना!" लेबर रूममध्ये ज्या आवाजाने सिस्टरनी अनेक घाबरलेल्या बाया आणि त्याहून घाबरलेले नवरे गप्प केले होते, तो आवाज अजून शाबूत होता. तिकीटबाई बसल्या. "आता मला सांग. खरा शेवट आणला असतास तर काय आणलं असतंस? हात बरा झाला, कोट्यधीश बाप सापडला, मोटारीत बसून फोटो. तुझ्या त्या वेळच्या तोंडाने हे सांगितलं असतंस मला? आणि मी ऐकलं असतं?"

तिकीटबाईंनी पदराने नाक पुसलं.

"मी काय म्हणते, त्यांचे दोन्ही पिक्चर पडले. का पडले? माझा पहिला भाग त्यांनी त्या गाढवाच्या शेवटाला बांधला, आणि तुझा शेवट त्या दरोडेखोराच्या गळ्यात घातला. त्यांना जोडता आलं नाही. आपल्याला आलं." सिस्टरनी काठी आपटली. "चूक त्यांची आहे."

तिकीटबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि या वेळी गिळायला हाताशी चहाही नव्हता.

"रविवारी काय लावायचं मग?"

"हातमोजा. दुसरं काय? पहिला भाग त्या पिक्चरचा, दुसरा भाग या पिक्चरचा. पुतणी म्हणते जमेल. लोकांना आधी सांगून टाकायचं. लपवायचं काय त्यात?"

रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. तिकीटबाईंच्या जाहिरातीचा तो परिणाम होता. शिंपी बायकोला घेऊन आला होता, औषधवाला दुकान भावावर टाकून. पुतणी पुढे उभी राहून म्हणाली, "आज आपण जो पिक्चर बघणार आहोत तो कुणीही बनवला नाही. तो जगात दोनच माणसांनी पाहिलाय, तोही अर्धा अर्धा. त्या दोघी मागे बसल्या आहेत." सगळी डोकी मागे वळली. तिकीटबाईंनी पदर सारखा केला. जन्मभर लोकांनी त्यांचा फक्त तिकीट देणारा हात पाहिला होता, आज सगळे तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना ते फार आवडलं. सिस्टरनी मान किंचित हलवली, वॉर्डात राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरसारखी.

दिवे गेले. तिकीटबाई जन्मात पहिल्यांदा आपल्या पिक्चरची सुरुवात बघत होत्या. मनोरा होता. नाक होतं, आठवत होतं त्याहून मोठं. ती बाई रोज खालून जात होती, थांबत होती, मनगटाकडे बघत होती. सिस्टरनी सांगितलं होतं अगदी तसंच. मग बोटीचा धक्का आला. तिकीटबाई पुढे सरकून बसल्या, कारण आता ते वाक्य येणार होतं. बाई वळली, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता बोटीवर चढली.

तिकीटबाईंनी सिस्टरना कोपराने ढोसलं. "ते वाक्य?" त्या कुजबुजल्या. "'बंद पडू देऊ नका' म्हणते ना ती?"

सिस्टर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुझे डोळे मिटत होते. कुणीतरी म्हणायला हवंच होतं."

तिकीटबाईंना पडद्यावरचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

चाकात हात गेला आणि इंटर्व्हलचे दिवे लागले. सवयीने सिस्टरनी काठीवर जोर दिला, अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"गुडघे?" तिकीटबाईंनी विचारलं.

"गुडघे नव्हेत. पाय जड झालेत."

दुसऱ्या भागात सिस्टर पहिल्यांदा दीपगृह बघणार होत्या, आणि तिकीटबाई पडद्याकडे कमी आणि सिस्टरकडे जास्त बघत होत्या. बघ, हा मोजा. बघ, हा जिना. आता ती येईल. ती आली. हातात कंदील, केस वाऱ्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर ती उभी राहिली, खाली पाहिलं आणि आत गेली. तिकीटबाईंनी सिस्टरचा हात दाबला. आता काचा पुसेल. आता पाणी आणेल, जिन्यात बसेल, गुणगुणेल.

वादळ आलं. यंत्र बिघडलं. मोज्यातल्या हाताने तो दिवा फिरवायला लागला, हॉलमध्ये कुणी हलेना. तिकीटबाई मात्र जिन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. मुलगी आली नाही. बोट वाचली, उजाडलं, लोक उतरले. ती पुन्हा आलीच नाही. कंदील घेऊन ती एकदा उभी राहिली होती, काही न बोलता, पापणी लवावी एवढा वेळ. बाकीचं, काचा आणि पाणी आणि गाणं आणि दातात धरलेले केस, ते पडद्यावर कुठेच नव्हतं. कधी नव्हतंच. तिकीटबाईंना ते आत्ता कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांनी सिस्टरचा हात सोडून दिला.

सिस्टरनी तो पुन्हा धरला. जसा धरला होता त्या तिसऱ्या प्रहरी, हॉस्पिटलातल्या लोखंडी खाटेच्या कडेला, तसाच.

"वेळेवर आलात," पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, आणि पिक्चर संपला.

दिवे लागले. एखाद्या खुर्चीची करकर, कुणाचं तरी नाक ओढणं, एवढंच. मग पुढच्या रांगेतून शिंप्याने हात वर केला आणि मागे वळून, जरा संकोचाने विचारलं, "बाई, एक समजलं नाही. ती कंदीलवाली मुलगी कुणाची?"

पुतणीने काकूकडे पाहिलं. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते द्यायचं तिने काकूवर सोडलं. सगळ्या हॉलने पुन्हा मान वळवली. तिकीटबाईंनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं ज्या उत्तरासाठी त्यांनी कप आपटले होते, ते उत्तर आता त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

शेजारी काठी टेकवल्याचा आवाज झाला. सिस्टर उठत होत्या, एक हात खुर्चीवर, एक काठीवर, गुडघ्यांना न विचारता. पूर्ण उभ्या राहिल्यावर त्यांनी हॉलभर नजर फिरवली.

"आमची," त्या म्हणाल्या.

शिंप्याने मान डोलवली, जणू त्याला तसंच वाटलं होतं.

"खाली बस गं," तिकीटबाई हळूच म्हणाल्या. सिस्टर बसल्या. दिवे लागून बराच वेळ झाला होता, तरी अजून कुणीच उठलं नव्हतं.